बापूंच्या तीन अटी

सेवाग्रामच्या आश्रमात १९३८च्या सुमारास विशीतल्या एका मुलाला कॅमेरा हवा होता. कनू गांधी त्याचं नाव. नात्यानं गांधीजींचा चुलत नातू, आणि कामानं आश्रमातला पत्रव्यवहार, हिशेब, पडेल ते सांभाळणारा. बापूंच्या रोजच्या जगण्याची छायाचित्रं कुणीतरी काढून ठेवायला हवीत, असं विनोबांचे धाकटे भाऊ शिवाजी भावे यांनी त्याला सुचवलं होतं. आश्रमाकडे असल्या गोष्टीसाठी पैसे नव्हते. शेवटी घनश्यामदास बिर्लांकडून शंभर रुपये मिळाले आणि त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा नि फिल्म आली. परवानगी देताना गांधीजींनी तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही. कुणाला पोझ द्यायला सांगायचं नाही. आणि या कामाला आश्रमाचा पैसा मिळणार नाही.

छायाचित्रणावरची बरीच पुस्तकं मी वाचली आहेत, पण या तीन वाक्यांत जे आहे ते त्यांत क्वचित सापडलं. अटी घालणाऱ्या माणसाला भिंग आणि शटर यांच्यात रस नव्हता. आपला दिवस, आपलं काम आणि सार्वजनिक पैसा, या तिन्हींना धक्का लागू नये एवढंच त्याला पाहायचं होतं. पण कॅमेरा हातात आल्यावर माणसाला जी सत्ता मिळते, तिच्या तिन्ही नाड्या त्यानं नेमक्या पकडल्या. कॅमेरावाला समोरचा उजेड बदलू शकतो, समोरच्या माणसाला हलवू शकतो, आणि हे सगळं दुसऱ्याच्या खर्चानं करू शकतो. कनूकडून ही तिन्ही साधनं पहिल्याच दिवशी काढून घेतली गेली. त्यानंतर त्याच्यापाशी जे उरलं, त्याच्या बळावर त्यानं पुढची दहा वर्षं गांधीजींचं जगणं टिपलं. मला वाटतं, छायाचित्रकार म्हणजे तेवढं उरलेलं.

ते उरलेलं काय असतं, हे शोधताना मला आधी त्या कॅमेऱ्याकडेच वळावंसं वाटतं. रोलायफ्लेक्स डोळ्याला लावत नाहीत. तो पोटाशी धरायचा, मान खाली घालायची आणि वरच्या काचेवर पडलेली प्रतिमा पाहायची. प्रतिमेत डावं-उजवं उलटं होतं. समोरचा माणूस डावीकडे सरकला की काचेत तो उजवीकडे जातो. एका रोलवर बारा चित्रं. बारा झाली की थांबून नवा रोल चढवायचा. कनू गांधींनी हा कॅमेरा सेवाग्रामच्या अंगणात वापरला. जवळपास त्याच काळात वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांनी तो दिल्लीत वापरला. नवसारीत १९१३ साली जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या या बाई साडी नेसून, जड सामान खांद्याला लावून सायकलवर फिरत. फाळणीच्या प्रस्तावासाठी काँग्रेसच्या बैठकीत वर गेलेले हात त्यांच्या चित्रात आहेत. आणि तिकडे अमेरिकेत, शिकागोत, दुसऱ्यांची मुलं सांभाळून पोट भरणाऱ्या व्हिव्हियन मायर याच बनावटीचा कॅमेरा गळ्यात अडकवून रस्त्यावर हिंडत. त्यांनी लाखाहून जास्त निगेटिव्ह मागे ठेवल्या आणि जवळजवळ कुणालाच दाखवल्या नाहीत. २००७ साली भाडं थकलेल्या गोदामातलं त्यांचं सामान लिलावात निघालं, तेव्हा त्या निगेटिव्ह बाहेर आल्या. २००९ साली त्या वारल्या. आपलं नाव जगभर होणार आहे, हे त्यांना कळलंही नाही.

यंत्र एकाच जातीचं. काच तीच, चौकोन तोच, बारांचा हिशेब तोच. पण कनूंचं चित्र व्हिव्हियन मायरांच्या चित्रांत मिसळलं तर सहज वेगळं काढता येईल. कनूंच्या चित्रात घरच्या माणसाचं अंतर आहे: दार उघडं असतं, कुणी वळून पाहत नाही. होमाईंच्या चित्रात इतिहासाच्या खोलीत योग्य जागी उभं राहण्याची शिस्त आहे. मायरांच्या चित्रात अनोळखी रस्त्यावरची अनोळखी बाई आहे, जिच्याकडे कुणाचं लक्ष नाही आणि म्हणूनच जिला सगळं दिसतं. कॅमेरा एवढं वेगळेपण देऊ शकत नाही. ते त्या त्या माणसाच्या उभं राहण्यातून येतं. आपण कुठे उभे आहोत, कुणाच्या परवानगीनं उभे आहोत आणि किती वेळ उभं राहायची आपली तयारी आहे, यातून.

आता पहिली अट. सेवाग्रामची बापूकुटी मातीची, बांबूची, कौलारू. विदर्भाचं ऊन बाहेर ठेवण्यासाठी तिचं छप्पर खाली उतरलेलं. आत उजेड येतो तो दारा-खिडक्यांतून येईल तेवढाच. त्या काळातल्या फिल्मी मंद होत्या. अशा खोलीत फ्लॅशशिवाय चित्र काढायचं म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, श्वास रोखून हात स्थिर धरायचा आणि समोरच्या हालचालीत आपोआप येणारा ठहराव ओळखायचा. पत्र वाचून संपताना मान जिथे क्षणभर थांबते, तो ठहराव. कनूंच्या कितीतरी चित्रांत दाणे उठले आहेत, कडा धूसर आहेत, अर्धा चेहरा काळोखात गेला आहे. फ्लॅश असता तर ही चित्रं स्वच्छ आली असती, आणि कुटीतला उजेड मात्र कायमचा हरवला असता. फ्लॅश प्रत्येक खोलीला सारखीच खोली करून टाकतो.

उजेड वाचायला कॅमेरा लागत नाही. उलट कॅमेरा नसताना तो जास्त शिकता येतो. आमच्या तालुक्याच्या गावी आठवड्याचा बाजार भरतो, आणि मी बरीच वर्षं तिथे चित्रं काढत आलो आहे. तिथे सगळ्यात आधी शिकावं लागलं ते ताडपत्रीचं गणित. निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या बाईचा चेहरा निळसर होतो आणि तिच्यापुढचे टोमॅटो काळपट दिसतात. पिवळ्या ताडपत्रीखाली सगळं हळदीचं होतं. दोन ताडपत्र्यांच्या फटीतून उन्हाची एक पट्टी खाली येते. ती सकाळी वजनकाट्यावर असते, दुपारी बाईच्या हातावर येते आणि बाजार उठायच्या वेळी चेहऱ्यावर पोचते. हे ज्याला ठाऊक आहे त्याला कधी आणि कुठे थांबायचं ते कळतं. ज्याला ठाऊक नाही, तो कितीही महाग भिंग घेऊन आला तरी दुपारी बारा वाजता भर उन्हात डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडलेले चेहरे घेऊन घरी जातो.

पावसाळ्यातला ढगाळ उजेड चेहऱ्यांना मऊ करतो, सुरकुत्या असतात तेवढ्याच दाखवतो. मार्गशीर्षातलं कलतं ऊन ज्वारीच्या राशीतला दाणा न् दाणा सुटा करतं. जुन्या स्टुडिओवाल्यांनी उत्तरेकडे काचेची खिडकी ठेवली, कारण तिकडून दिवसभर थेट ऊन न येता शांत उजेड येतो. ही सगळी विद्या आहे, आणि ती शेतकऱ्याच्या हवामानज्ञानासारखी रोजच्या पाहण्यातून येते. ती विकत मिळत नाही, आणि एकदा आली की कॅमेरा घरी विसरला तरी सोबत राहते.

गांधीजींच्या फ्लॅशविषयीच्या नावडीला एक प्रसिद्ध अपवाद आहे. अमेरिकेच्या ‘लाइफ’ नियतकालिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट १९४६ साली पुण्यात त्यांचं छायाचित्र काढायला आल्या. सचिवांनी त्यांना आधी चरखा चालवायला शिकायला लावलं. त्यानंतर आत प्रवेश मिळाला, तोही मोजून तीन फ्लॅशबल्ब वापरण्याच्या बोलीवर. चरखा शिकण्याची ती अट परदेशी पाहुणीला दाखवलेला आश्रमी हट्ट वाटू शकते. मला ती छायाचित्रणाची उत्तम शिकवणी वाटते. चरख्यावर सूत काढताना हात कुठवर जातो, धागा कधी ताणतो, कधी गुंडाळला जातो, ही लय ज्याच्या बोटांतून एकदा गेली त्याला पुढचा क्षण आधीच दिसतो. आणि त्यांचं जे चित्र पुढे जगभर गेलं, त्यात गांधीजी सूत कातत नाहीत. ते मागे बसून कागद वाचताहेत आणि चरखा पुढे, मोठा, जवळ आहे. यंत्राला माणसाच्या बरोबरीची जागा देण्याचं धाडस त्या बाईंना सुचलं, ते त्या यंत्राशी बसून धडपडल्यामुळे सुचलं असावं, असं मला वाटतं. ज्या लेखासाठी ते चित्र काढलं होतं, त्याच्यासोबत ते छापलं गेलं नाही. गांधीजींच्या हत्येनंतर श्रद्धांजलीच्या पानांवर ते आलं आणि मग लोकांच्या मनातून गेलंच नाही.

दुसरी अट पोझ न सांगण्याची. ही अट पाळायची तर माणसाला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे सोबत राहण्याचा. समोरचा माणूस तुमच्यासाठी थांबणार नसेल, तर तुम्हालाच त्याच्या दिवसात जागा करून घ्यावी लागते. कनूंना ती आपसूक मिळाली होती, कारण ते त्या दिवसाचाच भाग होते. सकाळच्या फिरण्यात, प्रार्थनेत, पत्रांच्या ढिगाऱ्यात. कॅमेरा हे त्यांच्या अनेक कामांपैकी एक काम होतं.

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडकडे जाताना दिवे घाट चढते. त्या दिवशी घाटाच्या उतारांवर कॅमेऱ्यांची गर्दी असते. वळणावळणानं वर सरकणारी माणसांची पांढरी रांग, भगव्या पताका, मागे पावसाळी डोंगर. ते चित्र सुंदर येतं. दर वर्षी सुंदर येतं, आणि दर वर्षी तेच येतं. कारण तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकानं वारीपासून सारखंच अंतर राखलेलं असतं. छायाचित्रकार संदेश भंडारे यांचं ‘वारी : एक आनंदयात्रा’ हे पुस्तक त्या उतारावरून होत नाही. त्यासाठी खाली उतरून चालावं लागतं. मुक्कामाच्या गावी टँकरपाशी रांग लागते, झाडाखाली दुपारची झोप होते, पायांना तेल चोळलं जातं, कुणी कुणाची वेणी घालतं. वारी एवढी मोठी असते. त्यांच्याच ‘तमाशा : एक रांगडी गंमत’मध्ये फडाचं जे जगणं दिसतं, ते तिकीट काढून रात्रीचा खेळ पाहणाऱ्याला दिसत नाही. त्याला फक्त रंगवलेला चेहरा दिसतो. रंग चढण्याआधीचा आणि उतरल्यानंतरचा चेहरा ज्यांच्यासमोर येतो, त्यांनी आधी फडाची धूळ खाल्लेली असते.

मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवरचं सुधारक ओलवे यांचं काम याच वाटेवरचं. गटारात उतरलेला माणूस वर्तमानपत्रात एरवी अपघाताच्या बातमीपुरता येतो. ओलवे त्याच्या कामावर गेले, घरी गेले, त्याच्या बायकामुलांत बसले, आणि पुन्हा पुन्हा गेले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण या कामाचं खरं मोल मला त्या पुन्हा पुन्हा जाण्यात दिसतं. पहिल्या भेटीत घाण दिसते. दहाव्या भेटीत माणूस दिसतो. आणि त्याच्याही पुढे कधीतरी त्या माणसाला तसं जगायला लावणारं शहर दिसतं, ज्यात आपण स्वतः राहतो. कॅमेरा पहिल्या भेटीतही तेवढाच चांगला असतो.

मग स्टुडिओत बसवून काढलेली चित्रं खोटी का? तसं मी मानत नाही. गौतम राजाध्यक्षांच्या ‘चेहरे’ या पुस्तकातली माणसं कॅमेऱ्यासाठीच बसली आहेत, उजेड त्यांच्यासाठीच लावला आहे, आणि तरी त्यांतल्या उत्तम चित्रांत माणूस आपल्या घरी असल्यासारखा दिसतो. आमच्या गावच्या स्टुडिओतले काका पासपोर्टचा फोटो काढायचे तेव्हाही हे पाहायला मिळायचं. समोरचा स्टुलावर बसला की ताठ व्हायचा. ‘हनुवटी थोडी खाली,’ एवढं सांगून काका कॅमेऱ्याशी उगाच काहीतरी खुडबुड करत राहायचे. दिव्याची तार हलवायचे, मागचा पडदा सारखा करायचे, पेरणी झाली का म्हणून विचारायचे. समोरच्यानं कंटाळून श्वास सोडला, खांदे उतरले, की खट्‌. सरकारी कागदावर चिकटवायच्या त्या टिकलीएवढ्या चित्रातसुद्धा माणसाचा स्वतःचा चेहरा यायचा. गांधीजींच्या दुसऱ्या अटीचा गाभा मला इथे सापडतो. बसवणं वाईट नाही, हुकूम वाईट. समोरच्याला आपल्या कल्पनेत कोंबायची घाई वाईट. काकांना ती घाई नव्हती.

थांबण्याचा याहून शुद्ध नमुना मराठी माणसाच्या घरातच सापडतो. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी गोध्र्यात छायाचित्रकार होते. १९१२ साली ते विम्याची पॉलिसी तारण ठेवून लंडनला गेले आणि चलच्चित्राचा कॅमेरा घेऊन आले. परतल्यावर ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी कशाचं चित्रण केलं? कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचं. कॅमेरा कुंडीसमोर रोवून ते ठरावीक अंतरानं एकेक चौकट टिपत राहिले, आणि ती फीत चालवली तेव्हा बी फुटून वेल वर चढताना दिसली. पैसे गुंतवणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून केलेला हा प्रयोग. पण मला त्यात पुढचं सगळं दिसतं. वाटाण्याला लवकर वाढ म्हणून सांगता येत नाही. त्याच्या वेळेला आपली वेळ जोडावी लागते. घरात नवा कोरा, कर्जाचा कॅमेरा असताना, सगळ्या मुंबईचं चित्रण करता येत असताना, तो माणूस कुंडीपुढे बसला. कुणी विचारलं की छायाचित्रकार कुणाला म्हणायचं, तर माझ्या मनात आधी हे चित्र उभं राहतं.

तिसरी अट पैशाची, आणि तिच्याविषयी बोलताना जपून बोललं पाहिजे. कला फुकट करावी, असा उपदेश पोट भरलेली माणसं सहज करतात. लग्नाच्या हंगामात रात्र रात्र जागून अल्बम करणारा मुलगा आपल्या कामाचे पैसे घेतो आणि त्यानं ते घ्यायलाच हवेत. त्याच्या हातून एखाद्या घराची तीन पिढ्यांची आठवण सांभाळली जाते. कनूंनाही पुढे वर्तमानपत्रांना चित्रं विकूनच फिल्मचा खर्च भागवावा लागला. त्या अटीचा अर्थ मला वेगळा लागतो. ज्याचा पैसा, त्याची नजर, असं आपल्याकडे घडतंच. आश्रमानं पैसा दिला असता तर काय काढायचं आणि काय दाखवायचं हेही आश्रमानं ठरवलं असतं. पैसा नाकारला गेला, तसा कनूंच्या नजरेवरचा हक्कही सुटला. छायाचित्रकाराच्या आयुष्यात काही चित्रं अशी असावी लागतात की जी कुणी मागितलेली नाहीत, ज्यांचा खर्च त्यानं स्वतः सोसला आहे. पैशानं, वेळेनं किंवा जिवानं.

किशोर पारेख १९७१ साली बांगलादेशात गेले ते असेच. मूळचे भावनगरचे, वर्तमानपत्री छायाचित्रणात नाव कमावलेले. त्या वेळी त्यांना कुठल्याही वृत्तपत्रानं पाठवलेलं नव्हतं. युद्ध चालू असताना ते आपणहून गेले, आणि परत येऊन त्या चित्रांचं पुस्तक केलं. त्यांना तिथे कुणी बोलावलं होतं? काम म्हणून पाहिलं तर कुणीच नाही. पण घडत असलेली गोष्ट आपल्याला बोलावते आहे, असं ज्याला आतून वाटतं आणि ती हाक ऐकून जो घराबाहेर पडतो, त्याच्या हातात कुठला कॅमेरा होता हे विचारणं मला गौण वाटतं. व्हिव्हियन मायरांचं टोक दुसरं. त्यांना ना कुणी पाठवलं, ना कुणी पाहिलं. शेकडो रोल तर धुतलेच नाहीत. पाहणं हाच त्यांचा व्यवहार होता. प्रसिद्धी, प्रदर्शन, पुरस्कार हे सगळं काढून टाकल्यावरही छायाचित्रकार शिल्लक राहतो, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नसेल.

गांधीजींच्या बोलून दाखवलेल्या अटी तीन. एक चौथी अट मात्र प्रसंगानं घातली. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांचे शेवटचे क्षण आले, तो दिवस २२ फेब्रुवारी १९४४. त्या गांधीजींच्या मांडीवर डोकं ठेवून होत्या. कनू तिथे होते आणि त्यांना चित्र काढायचं होतं. गांधीजींनी काढू दिलं नाही. ते चित्र असतं तर आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं, असं म्हणून हळहळणारे लोक मला भेटले आहेत. मला हळहळ वाटत नाही. ज्याच्यापुढे एरवी दार सदैव उघडं होतं, त्याच्यापुढे ते एकदा मिटलं, आणि त्या मिटण्यामुळे बाकीच्या सगळ्या चित्रांना विश्वासाचा आधार मिळाला. न काढलेल्या चित्रांचाही एक संग्रह प्रत्येक छायाचित्रकारापाशी असतो. त्याची नीतिमत्ता मोजायची तर तोच आधी पाहावा लागेल.

होमाई व्यारावालांनी तर १९७० साली कॅमेराच खाली ठेवला. दिल्लीतली नवी पिढी ज्या धसमुसळेपणानं वागू लागली होती, तो त्यांना सोसेना. त्यांच्या काळी छायाचित्रकार नीट कपडे करून जात, एकमेकांना जागा देत, कुणाला अवघड क्षणी पकडणं कमीपणाचं मानत. ती मर्यादा सुटली तेव्हा त्यांनी व्यवसाय सोडला आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षं त्या वाटेला गेल्या नाहीत. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, २०१२मध्ये त्या गेल्या. हातात कॅमेरा नसलेल्या त्या चार दशकांत त्या छायाचित्रकार नव्हत्या, असं कोण म्हणेल? त्यांचं कॅमेरा ठेवणंही त्याच नजरेतून आलं होतं, जिच्यातून त्यांची चित्रं आली.

आजचा कॅमेरा आपल्या वतीनं पुष्कळ काही ठरवतो. खिशातला फोन अंधारात पाठोपाठ अनेक चौकटी टिपतो, त्या एकमेकींवर बसवतो आणि रात्रीचा दिवस करून देतो. निळ्या ताडपत्रीखालचा चेहरा तो न विचारता गोरा करतो. कोण हसतंय, कुणाचे डोळे मिटले हे ओळखतो. तीक्ष्णता, उजेड, रंग या ज्या गोष्टींसाठी आधीच्या पिढ्यांनी बोटं काळी केली, डार्करूममध्ये हायपोच्या वासात रात्री घालवल्या, त्या आता सगळ्यांना मिळाल्या आहेत. याचं मला मनापासून बरं वाटतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला आपल्या लेकराचं चित्र स्वतः काढता येतं, यात मोठा न्याय आहे. एके काळी त्यासाठी तालुक्याला जावं लागे आणि दिवसाची मजुरी मोडावी लागे. पण यंत्रानं एवढा भार उचलल्यावर माणसाच्या वाट्याला जे काम उरलं, ते आता जास्त उघडं पडलं आहे. कुठे उभं राहायचं. किती वेळ. कुणाच्या संमतीनं. कुठे थांबायचं. या चारांपैकी एकाचंही उत्तर फोन देत नाही.

माझ्याकडे येणारी मुलं बहुतेक वेळा विचारतात, ‘सर, कॅमेरा कुठला घेऊ?’ प्रश्न प्रामाणिक असतो. वडिलांनी पतसंस्थेतून काढून दिलेले पैसे असतात, ते वाया जाऊ नयेत अशी काळजी असते, म्हणून मी त्यांना यंत्राविषयी जे सांगता येईल ते नीट सांगतो. मग मी एवढंच सुचवतो, की पायी जाता येईल इतक्या जवळचं काहीतरी निवड. एक ओढा, एक एसटी स्टँड, एक कुंभारवाडा, घरातली आजी. वर्षभर तिथे जा. आणि जे चित्र काढशील, त्याची एक प्रत त्या माणसाला नेऊन दे.

या शेवटच्या गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त भर असतो. बाजारात चित्रं काढायला लागलो तेव्हापासून एक वाक्य माझ्या कानावर सतत येतं आहे, ‘फोटू आमाला मिळंल न्हवं?’ माळव्याच्या पाटीमागे बसणाऱ्या एका आजींनी तर पदर नीट घेऊन बजावलं होतं, ‘चांगला काढ बाबा. म्हागं भिताडाला लावाया हुईल.’ आपल्याकडे घरात माणूस गेलं की फोटोची शोधाशोध सुरू होते. मग लग्नाच्या एखाद्या जुन्या गटचित्रातला नखाएवढा चेहरा घेऊन कुणीतरी स्टुडिओत येतं. ‘एवढे आमचे आप्पा तेवढे मोठे करून द्या.’ स्टुडिओवाला त्या धूसर ठिपक्यांतून आप्पांचे डोळे, आप्पांची मिशी ओढून काढतो, आणि पुढची कित्येक वर्षं त्या चेहऱ्याला हार चढतो. आजी मला माझ्या कामाचा अर्थ सांगत होत्या. त्यांना कलेची वाखाणणी करायची नव्हती. त्यांना त्यांच्या पश्चात त्यांच्या नातवंडांना आजी दिसायला हवी होती, आणि ते काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं.

कॅमेरा असणारा माणूस चित्र घेऊन जातो. ते आपल्या घरी नेतो, जगाला दाखवतो, त्यावर वाहवा मिळवतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. छायाचित्रकारावर त्या क्षणापासून एक देणं चढतं. ज्यानं आपला चेहरा, आपलं दुःख, आपला भर बाजारातला दमलेला दुपारचा वेळ आपल्यापुढे उघडा ठेवला, त्याला आपण काय परत देणार, हा प्रश्न त्याला सोडत नाही. कधी ते देणं एका छापील प्रतीनं फिटतं. कधी त्यासाठी सुधारक ओलवेंसारखं वर्षानुवर्षं त्याच गल्लीत जावं लागतं, म्हणजे शहराला आपल्या कामगारांकडे नीट पाहणं भाग पडतं. कधी चित्र न काढूनच ते फिटतं. हे देणं ज्यानं आपलं मानलं, तो उसन्या फोनवरही छायाचित्रकार आहे. आणि ज्याला ते जाणवतच नाही, त्यानं आधी कुणाच्या तरी सोबत बसावं, त्याचं काम पाहावं, जमलं तर त्याच्या हाताखाली ते करूनही पाहावं. कॅमेरा त्यानंतर बाहेर काढावा.